सुरांचं रहाटगाडगं

गणपती विसर्जनाच्या संध्याकाळी बुरोंडीच्या किनाऱ्यावर उभं राहून बेंजो ऐका. समोर उघडा समुद्र, वर उघडं आभाळ. आवाज परतवायला भिंत कुठेच नाही. अशा जागी टाळी वाजवली तर ती तिथल्या तिथे विरते. बेंजोचा सूर मात्र दगडी गाभाऱ्यात घुमावा तसा घुमत राहतो. तो गाभारा वाजवणाऱ्याच्या पायाशी असतो. दोन विटांएवढी पेटी, पायाने दाबायची दोन-चार बटणं, एक छोटा पडदा. मुळात गिटारसाठी बनवलेलं हे डिजिटल इफेक्ट्स पेडल आज काही हजारांत मिळतं. बेंजोवाल्यांसाठी तो ‘प्रोसेसर’.

गिटारचं पेडल बेंजोला चालतं, याचं कारण सरळ आहे. आपला बेंजो हा अमेरिकी बॅन्जो नव्हे. जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी १९१२ साली टाइपरायटरसारख्या कळांचं ‘ताइशोगोतो’ हे तंतुवाद्य घडवलं. भारतात ते बुलबुलतरंग झालं आणि कोकणात, मुंबईत बेंजो. तारांखाली पिकअप बसवला की विजेच्या दृष्टीने तो गिटारचा सख्खा भाऊ होतो: पोलादी तार चुंबकाजवळ थरथरते, पिकअपच्या वेटोळ्यात इवलासा विद्युतदाब तयार होतो आणि तो वायरीतून पेडलमध्ये शिरतो.

तिथे पहिलं काम मोजणीचं. पेडल हा दाब सेकंदाला साधारण ४४,१०० वेळा मोजतं. मोजमाप २४ बिटचं असेल तर प्रत्येक वेळी सुमारे १ कोटी ६८ लाख पायऱ्यांपैकी एक पायरी निवडली जाते. इथून पुढे सूर म्हणजे आकड्यांची रांग. आकड्यांवर गणित करायचं आणि शेवटी त्यांचा पुन्हा विद्युतदाब करून स्पीकरकडे पाठवायचा.

इको कसा तयार होतो, हे समजायला कोकणातल्या विहिरीवरचा रहाट आठवावा. चाकावर गाडग्यांची माळ. एकीकडे गाडगी भरतात, फेरा पूर्ण करून दुसरीकडे रिती होतात. पेडलच्या स्मृतीत अशीच माळ असते. प्रत्येक गाडग्यात एक आकडा. २२,०५० गाडग्यांची माळ लावली की आत गेलेला सूर बरोबर अर्ध्या सेकंदाने बाहेर येतो. मिनिटाला १२० ठोक्यांचा ठेका असेल, तर हा इको नेमका पुढच्या ठोक्यावर पडतो आणि नाचणाऱ्यांचे पाय आपोआप त्यावर येतात. बाहेर आलेल्या पाण्यातलं थोडं पुन्हा विहिरीत ओतलं, की इको विरत विरत अनेकदा ऐकू येतो. वेगवेगळ्या लांबीच्या अनेक माळा एकात एक गुंफल्या, की होतो गाभारा, म्हणजेच रिव्हर्ब.

एके काळी हे फार महाग होतं. रोलंडचा १९७४ सालचा ‘स्पेस इको’ चुंबकीय फितीवर सूर उमटवून थोड्या वेळाने वाचत असे. फीत झिजली की सूरही झिजे. १९८३ साली याच कंपनीच्या बॉस या नाममुद्रेखाली डीडी-२ आलं, तळहातावर मावणारं पहिलं डिजिटल डिले पेडल. नंतर स्मृती आणि गणित करणाऱ्या चिपा स्वस्त होत गेल्या. म्हणूनच इको, रिव्हर्ब, कोरस आणि तार जुळवण्याचा ट्यूनर ही कामं आजचं स्वस्त पेडलही मनापासून करतं. मला त्याचं खरं मोल इथे वाटतं. गावच्या पोराला शहरातल्या स्टुडिओची पायरी न चढता हे सगळं पायाशी मिळतं.

अडचण येते ती डिस्टॉर्शनपाशी. बेंजोचा सूर छेडताच झपकन मावळतो. डिस्टॉर्शन त्याचे उंच शेंडे कापतं आणि शेपटी वर उचलतं, त्यामुळे सूर लांब टिकतो. पण शेंडे कापले की मूळ सुराच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे नवे सूर जन्मतात. २,००० हर्ट्‌झच्या सुराचा पंधरावा भाऊ ३०,००० हर्ट्‌झचा. कानाला तो ऐकूच येणार नाही. पण सेकंदाला ४४,१०० मोजण्या करणाऱ्या पेडलला २२,०५० हर्ट्‌झच्या पलीकडचं ओळखता येत नाही. ते त्याला १४,१०० हर्ट्‌झ समजतं. सिनेमात गाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं, तशीच ही फसगत. हा आगंतुक सूर कुठल्याच सप्तकात बसत नाही, म्हणून उंच पट्टीत आवाज कर्कश, काचेवर खरवडल्यासारखा होतो. उपाय आहे: हे गणित चौपट-आठपट वेगाने करून नको ते गाळायचं. पण दोन मोजण्यांमध्ये अवघे २३ मायक्रोसेकंद असतात आणि त्यात सगळे इफेक्ट उरकायचे. स्वस्त चिपला एवढी उसंत क्वचितच मिळते.

उशीर हा मात्र फारसा दोष नाही. आवाजाला एक मीटर कापायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. पेडलने तेवढा वेळ घेतला तर स्पीकरपासून एक पाऊल मागे सरकल्यासारखंच. पण पुढे ब्लूटूथ स्पीकर जोडलात, तर शंभर-दोनशे मिलिसेकंदांची भर पडते आणि हात ठेक्यावरून घसरतो. वायरच लावावी.

दुसरा दोष दारातला. आकडे होण्याआधी सुरात जी खरखर मिसळते, ती पुढचं कुठलंही गणित स्वच्छ वेगळी काढू शकत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जनरेटरची घरघर, स्वस्त अ‍ॅडॅप्टरची शिट्टी, सैल वायर हे सगळं डिस्टॉर्शनबरोबर मोठं होतं. ती खरखर दाबायला ‘नॉइज गेट’ लावला, तर सुराची शेपटीच तुटते.

आणि किनाऱ्यावर खारा वारा आहे. एका पेडलचा जॅक मी हातात घेऊन पाहिला: पितळी कडेवर हिरवट थर, पिन फिरवली की स्पीकरमध्ये कडकड. आतली चिप ठणठणीत होती. बिघडला होता तो धातूचा स्पर्श. वाजवून झालं की जॅक कोरड्या फडक्याने पुसावा, पेडल झाकणाच्या डब्यात ठेवावं, त्यात ओल शोषणारी पुडी टाकावी.

त्यामुळे बेंजोचं नवं पथक उभं करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की पैसे आधी चांगल्या तारा, पिकअप, वायर आणि अ‍ॅडॅप्टरवर घाला. मग स्वस्त पेडल बिनधास्त घ्या. इको भरभरून वापरा, डिस्टॉर्शन बेताने. दुकानात बसून नव्हे, उघड्यावर जाऊन आवाज लावून बघा. कारण खोलीच्या भिंती आपला घुमारा त्यात मिसळतात. बुरोंडीच्या वाळूवर ती मदत नसते. तिथे जे ऐकू येतं, ते सगळं बोटांचं आणि त्या गाडग्यांचं.