फुलामागचा काळोख येतो कुठून?

माझा कळलावीचा फोटो बघून शेजारच्या काकूंनी विचारलं, "मागे काळं कापड धरलं होतंस का रे?"

कापड नव्हतं, एडिटिंगही नव्हतं. मागे होती ती नुसती झाडीतली सावली.

फूल उन्हात आणि मागची झाडी दाट सावलीत असली, की फुलाच्या हिशेबाने एक्स्पोजर ठेवायचं. सावली आपोआप काळी पडते.

मात्र चौकटीत काळोख जास्त असला की कॅमेऱ्याचा मीटर फोटो उजळ करायला बघतो आणि पाकळ्या फटफटीत दिसतात. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन -1 ते -2 ठेवा. मोबाइलवर फुलावर बोट टेकवा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा. एचडीआर बंद.

ऊन नसेल तर फ्लॅश. आयएसओ 100, शटर 1/200, एफ/11 पासून सुरुवात करा. फ्लॅश फुलाजवळ, भिंत लांब. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो. फ्लॅशपासून फूल 1 फुटावर आणि भिंत 4 फुटांवर असेल, तर भिंतीला फक्त सोळावा हिस्सा मिळतो.

गडद जांभळी फुलं काळ्यात हरवतात. त्यांच्यावर बाजूने किंवा मागून ऊन घ्या, कडा उठून दिसतात.

कुठे अडलात तर कमेंटमध्ये विचारा. फोटोही टाका, सेटिंगसकट!