गर्भवतीचा रक्तदाब आणि परिचारिकेची दक्षता

सुरतच्या उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून गेलेली अनेक मराठी कुटुंबे यंत्रमागाच्या व्यवसायावर उपजीविका करतात. बाळंतपणासाठी नंदुरबार-धुळ्याकडे माहेरी येण्याची प्रथा त्यांच्यात आढळते. प्रवासास निघण्यापूर्वी गर्भवतीचा रक्तदाब व लघवी तपासून घेणे अगत्याचे आहे.

पाचव्या महिन्यानंतर रक्तदाब १६०/११० वा त्याहून अधिक असणे व लघवीत प्रथिने आढळणे, त्याचबरोबर तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात वेदना, ही तीव्र प्रीएक्लॅम्प्सियाची लक्षणे होत. अशा वेळी माहेर गाठण्याची वाट न पाहता सुरतच्याच न्यू सिव्हिलसारख्या मोठ्या रुग्णालयात दाखल व्हावे. विलंब झाल्यास आकडी येऊन माता व बालक दोघांचेही प्राण धोक्यात येतात.

आकडी टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट देतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात या औषधाने आकडीचा धोका निम्म्याहून कमी झाल्याचे दिसून आले. मात्र त्याचे प्रमाण वाढल्यास श्वास मंदावतो. म्हणून प्रत्येक इंजेक्शनपूर्वी परिचारिकेने तीन गोष्टी पाहाव्यात : श्वसन मिनिटास किमान १६ असावे; गुडघ्याखाली हातोडीने हलके ठोकताच पाय उसळावा; मागील ४ तासांत लघवी किमान १०० मिलिलिटर झालेली असावी. यांत उणेपणा दिसताच औषध थांबवून डॉक्टरांस कळवावे. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवावे. रुग्णेस डाव्या कुशीवर निजवावे, एकटे सोडू नये. प्रसूतीनंतरही आकडी येऊ शकते. सबब पुढील २४ तास ही दक्षता चालू ठेवावी.

माहेरी येणाऱ्या लेकीने तपासणीचे कार्ड सोबत आणावे. त्यावरील रक्तदाबाच्या नोंदी परिचारिकेस वेळीच सावध करतात.