दहिसरची वेलांटी

दहिसर हे नाव संगणकाला दिसतं तितकं सोपं नाही. साठवणीतला क्रम द, ह, वेलांटी, स, र असा असतो, पण पडद्यावर वेलांटी ह च्या आधी उमटायला हवी. ही अदलाबदल अक्षरजुळणीची लायब्ररी करते. ती नसेल तर वेलांटी ह ला सोडून पुढच्या स ला जाऊन चिकटते. मुंबईच्या या उत्तर टोकाचं नाव कुठल्याही यंत्रावर बिनचूक दिसायला साधारण दीड तप लागलं.

विंडोज 2000 मध्ये मराठी आली. जुळणीचं काम युनिस्क्राइब नावाची लायब्ररी करे आणि ‘मंगल’ हा फॉन्ट होता अक्षररचनाकार र. कृ. जोशींचा. पण ही सोय आपोआप मिळत नसे. विंडोज एक्सपीवरसुद्धा मूळ सीडी घालून ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’च्या चौकटीत खूण करावी लागे. जोशी ज्या संस्थेशी जोडलेले होते, त्या जुहूच्या एनसीएसटीने त्याच सुमारास लिनक्ससाठी ‘इंडिक्स’ हाती घेतलं. त्यात भारतीय लिप्यांची जुळणी थेट पडद्यावर खिडक्या रेखाटणाऱ्या एक्स विंडो प्रणालीच्या पोटात बसवली होती. विचार धाडसी होता, पण जागा चुकली. लवकरच लिनक्सवरचे प्रोग्रॅम अक्षरं स्वतःच रेखाटू लागले आणि एक्समधली ती जुळणी वाटेबाहेर पडली.

पुढची काही वर्षं ज्याची त्याची वेगळी चूल होती. लिनक्सच्या दोन डेस्कटॉपांपैकी ग्नोमचं पँगो आणि केडीई ज्यावर उभं होतं ते क्यूटी, दोघांनी फ्रीटाइप या फॉन्ट-लायब्ररीतला एकच जुना कोड उचलला आणि आपापल्या परीने बदलला. ओपनऑफिस लिनक्सवर आयसीयू या लायब्ररीची जुळणी वापरी, विंडोजवर युनिस्क्राइबची. ॲपलचे नियम फॉन्टमधल्या निराळ्याच तक्त्यांत असत. ‘दुसऱ्या’मधला र तर सगळ्यांची परीक्षा पाही. युनिकोडच्या जुन्या रीतीने तो साध्या र नंतर हलन्त आणि न दिसणारा जोडक टाकून लिहायचा, नव्या रीतीने ऱ आणि हलन्त वापरून. दोन्ही रीतींचा मजकूर फिरत होता आणि दोन्ही वाचता येणं भाग होतं.

2006 च्या सुमारास पँगो आणि क्यूटीचे कोड ‘हार्फबझ’ या नावाखाली एकत्र आले. मग बेहदाद एस्फाहबोद यांनी ती लायब्ररी मुळापासून नव्याने लिहिली. 2012 मध्ये भारतीय लिप्यांचा भाग पक्का करताना त्यांनी विकिपीडियातले देवनागरीचे सात लाखांवर शब्द युनिस्क्राइबच्या निकालाशी ताडून पाहिले. खरी मेख इथे होती. नियमपुस्तिका एक सांगे, युनिस्क्राइब काही ठिकाणी दुसरंच करी आणि फॉन्ट बनवणाऱ्यांनी आपली अक्षरं युनिस्क्राइबवर तपासलेली होती. त्यामुळे त्याच्या लहरीही जाणूनबुजून उतरवून घ्याव्या लागल्या. देवनागरीच्या जुन्या आणि नव्या, दोन्ही पिढ्यांचे फॉन्ट चालवावे लागले ते वेगळंच.

हार्फबझच्या बांधणीचा, म्हणजे कोडमधून चालणारी फाइल बनवण्याचा, त्रास याहून निराळा होता. दहिसर नाक्यावर जकात होती तोवर माल तोच असला तरी मुंबईत शिरताना कागद वेगळे दाखवावे लागत. सामायिक लायब्ररीचंही प्रत्येक प्रणालीच्या वेशीवर तसंच होतं. लिनक्सच्या ‘.एसओ’ फाइलमध्ये लपवली नाहीत तर सगळी फंक्शन बाहेर दिसतात. विंडोजच्या डीएलएलला बाहेर काय द्यायचं याची यादी लागते आणि बांधतानाच प्रत्येक नावाचा ठावठिकाणा लागावा लागतो. मॅकची ‘.डायलिब’ स्वतःचा पत्ता स्वतःतच कोरून घेते. 1996 मध्ये गॉर्डन मॅट्झिगकाइट यांनी लिहायला घेतलेलं ग्नू लिबटूल हे फरक पोटात घेई. हार्फबझ बरीच वर्षं त्याच्या आधाराने बांधलं गेलं, पुढे मेसन या दुसऱ्या बांधणी-साधनाकडे वळलं.

त्याहून मोलाची ठरली ती लेखकांची शिस्त. आतला कोड सी++ मध्ये, पण बाहेरचा दरवाजा निव्वळ सीचा, कारण सी++ ची नावं दर कंपायलर आपल्या पद्धतीने बदलतो. सी++ ची मानक लायब्ररी चुकूनही जोडली जाऊ नये म्हणून त्यासाठी वेगळी चाचणी. लिनक्सवर फाइलच्या नावापुढचा आकडा आजही शून्यच आहे. तो न बदलणं म्हणजे जुने प्रोग्रॅम पुन्हा न बांधता चालतील अशी हमी.

2015 मध्ये हार्फबझची आवृत्ती 1.0 आली. 2017 च्या फेब्रुवारीत लिबरऑफिस 5.3 ने सगळ्या प्रणालींवर हीच जुळणी घेतली. क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइड आधीच तिच्यावर आले होते.

एक काम मात्र लायब्ररी एकटीने करू शकत नाही. ल आणि श ची मराठी वळणं फॉन्टमध्ये असली, तरी मजकूर मराठी आहे हे प्रोग्रॅमने सांगितल्याशिवाय ती उमटत नाहीत. ते न सांगणारी संकेतस्थळं आणि ॲप आजही ढिगाने आहेत, आणि त्यांत मराठी माणसांनी मराठीसाठी बांधलेलीही आहेत. परक्या प्रणालींच्या लहरी दुसऱ्या कुणीतरी निस्तरल्या. पानावर भाषेची खूण करण्याचं ओळभर काम आपल्याकडेच राहिलं आहे.