ठाणे जिल्ह्यातील लाकूडतोड व लोहमार्ग

ठाणे जिल्ह्यातील लाकूडतोड व लोहमार्ग : ठाणे शहरास घोडबंदरशी जोडणाऱ्या घोडबंदर रस्त्याच्या एका बाजूस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे वन व दुसऱ्या बाजूस उल्हास नदीची खाडी आहे. वन आणि खाडी यांचे हे सान्निध्य जुन्या ठाणे जिल्ह्याच्या (२०१४ मध्ये त्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला) लाकूड व्यापाराचे मूळ होय. साग, ऐन, खैर, हेद इ. वृक्षांचे लाकूड बैलगाड्यांतून खाडीकाठी येई व गलबतांतून मुंबईस जाई. घरे व जहाजे बांधण्यासाठी त्यास मोठी मागणी असे.

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई–ठाणे लोहमार्ग सुरू झाला व १८५४ मध्ये तो कल्याणपर्यंत पोहोचला. पश्चिम किनाऱ्यालगतचा लोहमार्ग १८६४ मध्ये मुंबईस येऊन मिळाला. त्यामुळे पालघर, डहाणू इ. स्थानकांतून लाकडाची वाहतूक सुलभ झाली. शिवाय लोहमार्गासच लाकूड हवे होते : एका मैलास सुमारे १,७६० ते २,००० स्लीपर लागत. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली होती. १८७८ च्या वन अधिनियमाने सरकारी नियंत्रण अधिक कडक झाले. राबासाठी फांद्या तोडण्यावरील निर्बंधांमुळे ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत असंतोष वाढला आणि १८८५ मध्ये चौकशीसाठी मुंबई वन आयोग नेमण्यात आला.

वनाचे ‘कूप’ नावाचे भाग पाडून ते क्रमाने तोडीस काढीत व त्यांचा लिलाव होई. पावसाळा संपला की ठेकेदाराचे मजूर कुपात पाण्याजवळ फांद्या व पाल्याच्या झोपड्या उभारून राहत. वारली, कोकणा, ठाकूर इ. आदिवासी तोड करीत. कोळसा पाडण्याच्या कामात कातकरी निष्णात असत. उत्तर अमेरिकेत लाकूडतोडीच्या तळांपर्यंत खास लोहमार्ग टाकून मजुरांचीही ने-आण करीत. ठाणे जिल्ह्यात मात्र सामान्यतः मजूर पायी कुपात जाई आणि लाकूड गाडीने स्थानकावर येई. म्हणजेच रेल्वेने मालास बाजारपेठ दिली, तरी तो तोडणाऱ्याचे जीवन फारसे बदलले नाही.

पावसाळ्यात घेतलेली खावटी व कर्ज यांमुळे मजूर सावकार व ठेकेदार यांच्या कचाट्यात सापडे, वेठबिगारही चाले. गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने १९४५ पासून उभारलेल्या वारली आंदोलनात वेठीच्या निर्मूलनाबरोबरच गवतकापणी व जंगलकाम यांच्या मजुरीचा प्रश्नही पुढे आला. जेव्हा माणूस जागा होतो (१९७०) या ग्रंथात गोदावरी परुळेकर यांनी या लढ्याची हकीकत सांगितली आहे. १९४७ पासून मुंबई प्रांतात जंगल कामगार सहकारी संस्था स्थापन होऊ लागल्या. ठेकेदारास वगळून कुपाचे काम व त्यातील नफा मजुरांकडे यावा, हा त्यांचा उद्देश होता. लोहमार्गाने जे साधले नव्हते, ते मजुरांच्या संघटनेने साधण्याचा हा प्रयत्न होय.