किण्वित चहाचा त्वचेवर उपयोग : काही सावध विचार

चेहऱ्यावरील वांगासाठी एका रुग्णेने घरी आंबवलेला चहा आठवडाभर कापसाने लावला. आमच्याकडे आली तेव्हा दोन्ही गालांवर दाह, आरक्तता व स्राव होता. "नैसर्गिक आहे, मग त्रास कसा झाला?" हा तिचा प्रश्न. औषधालयांतही 'कोंबुचा'युक्त प्रसाधनांची विचारणा होते. म्हणून हा विषय वैद्यबंधुभगिनींपुढे मांडत आहोत.

कोंबुचा म्हणजे जीवाणू व यीस्ट यांच्या साहाय्याने आंबवलेला साखरयुक्त चहा. चहा हे द्रव्य बृहत्त्रयीत नाही. प्रक्रिया मात्र संधानकल्पनेच्या अभ्यासकास परिचित आहे. आसवारिष्टांपेक्षा तिचे साम्य शुक्ताशी अधिक. शुक्त अम्ल, उष्ण, तीक्ष्ण व रक्तपित्ताचा उत्क्लेश करणारे आहे. धान्याम्लधारा आपण योजतो, ती दोषावस्था पाहूनच. पित्तरक्तप्रधान विकारांत अथवा क्षतयुक्त त्वचेवर अम्लद्रव्य लावणे म्हणजे हेतूलाच औषध समजणे होय.

आधुनिक मापनही हेच सांगते. निरोगी त्वचेचा पीएच सुमारे 4.5 ते 5.5, तर तयार कोंबुचाचा साधारणतः 2.5 ते 3.5 असतो. पीएच एका अंकाने उतरला की आम्लता दसपट वाढते.

दुसरा धोका जंतुसंसर्गाचा. तेहरानजवळ वेदनाशमनार्थ कोंबुचाचा थर त्वचेवर लावणाऱ्या 20 जणांना त्वचेचा अँथ्रॅक्स झाल्याची नोंद 1998 साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आली. अस्वच्छ जागी जोपासलेल्या थरात घातक जंतू शिरू शकतात. आंबटपणा हे शुद्धतेचे प्रमाणपत्र नव्हे. शिवाय शिसेयुक्त झिलईच्या भांड्यातून आम्ल शिसे ओढून घेते.

गाळून, पीएच समायोजित करून व परिरक्षक घालून बनविलेल्या प्रसाधनातील किण्वित चहाचा अर्क ही निराळी वस्तू आहे. तरीही कांतिवर्धनाच्या दाव्यांना मानवी चाचण्यांचा आधार अल्पच आहे.

औषधालयचालकांनी घरगुती बाटल्या विक्रीस ठेवू नयेत. विक्रीच्या प्रसाधनास 2020 च्या प्रसाधन नियमांनुसार उत्पादन परवाना लागतो. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध करण्याची वैद्यांना असलेली मुभा येथे लागू होत नाही. उत्पादकाकडून पीएच, जंतुपरीक्षण व जड धातूंचा अहवाल अवश्य मागावा.

वैद्यांनी प्रथम प्रकृती व त्वचेची अवस्था पाहावी. अनुज्ञा द्यावयाची झाल्यास, चेहऱ्यावर न लावता आधी कोपराच्या आतील बाजूस दिवसातून दोनदा, सात दिवस लावून पाहण्यास सांगावे. कंडू वा दाह होताच बंद करावे.

त्या रुग्णेस आम्ही प्रथम तो चहा बंद करावयास सांगितले. चिकित्सेचा आरंभ निदानपरिवर्जनानेच होतो.