डोलकाठी: डागडुजी की नवी?

सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ या शिडाच्या बोटीची डोलकाठी मोडली. पाठीला जबर इजा झालेले तिचे चालक कमांडर अभिलाष टॉमी मदत येईपर्यंत बोटीतच अडकून पडले. ती बोट तर नवी होती. जुन्या डोलकाठीची पारख म्हणूनच काठी खाली उतरवून, आडवी ठेवून करावी. धक्क्यावर उभं राहून मान वर करून काही कळत नाही.

ॲल्युमिनियमच्या काठीत आधी बुंधा पाहा. खारं पाणी तिथेच साचतं. स्टीलचे स्क्रू जिथे ॲल्युमिनियमला भिडतात तिथे पांढरी भुकटी धरते, रंगाला फोड येतात. फोड खरवडून खालचा पत्रा किती उरलाय ते मोजायचं. वरवरचा गंज असेल, तर साफसफाई, नवे स्क्रू आणि मधे प्लास्टिकची चकती एवढ्यावर भागतं. बुंधाच सडला असेल, तर तेवढा तुकडा कापून खाली ठोकळा देता येतो. पण आडव्या दांड्यांपाशी तडा दिसला किंवा काठीला कायमचा बाक आला, तर माझ्या मते नवीच घ्यावी. तडा वेल्डिंगने जोडला, तर त्या उष्णतेने आजूबाजूचा धातू नरम पडतो.

लाकडी काठी जास्त दयाळू. टोच्या रुतेल तेवढं कुजकं लाकूड काढून तिरका सांधा देता येतो.

ताणाच्या तारा मात्र जुन्या झाल्या असतील, तर डागडुजी असो की नवी काठी, बदलाच.