सार्वजनिक ग्रंथालय आणि निरामय वार्धक्य



सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्याचा विचार करताना बालविभाग, अभ्यासिका आणि संदर्भसेवा यांची चर्चा आपण विस्ताराने करतो. ज्येष्ठ वाचकांचा उल्लेख मात्र ओझरता होतो, कारण ते ग्रंथालयात असतातच असे आपण गृहीत धरलेले असते. तुमच्या गावातील वाचनालयात एखाद्या सकाळी डोकावून पाहा. मुक्तद्वार विभागातील लांब टेबलाभोवती वर्तमानपत्राची पाने आपसांत वाटून घेऊन बसलेली मंडळी बहुधा साठीच्या पुढची असतात. हे दृश्य इतके परिचयाचे आहे की, त्यातून एक जण कमी झाला तर ते कोणाच्या लवकर ध्यानात येत नाही. प्रस्तुत लेखात आपण या येईनाशा झालेल्या वाचकाच्या बाजूने ग्रंथालयाकडे पाहणार आहोत. ज्येष्ठांसाठीच्या ग्रंथालयीन उपक्रमांचा खरा कस त्याच्याच संदर्भात लागतो.

निरामय वार्धक्य : संकल्पना

आपल्याकडील २००७ च्या कायद्यानुसार ६० वर्षे पूर्ण केलेली व्यक्ती ज्येष्ठ नागरिक मानली जाते. २०११ च्या जनगणनेत अशा व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ४० लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वार्धक्यविषयक अहवाल प्रसिद्ध केला. पुढे २०२१ ते २०३० हे दशक निरामय वार्धक्याचे दशक म्हणून जाहीर झाले.

या विचारातील महत्त्वाचा मुद्दा नीट समजून घ्या. निरामय वार्धक्य म्हणजे रोगरहित वार्धक्य नव्हे. मधुमेह आणि गुडघेदुखी असलेल्या आजीबाई स्वतःचे व्यवहार स्वतः पाहत असतील, नवे काही शिकत असतील, चार माणसांत ये-जा ठेवून असतील, तर त्यांचे वार्धक्य निरामयच म्हणावे लागेल. उलट, तपासणीत कोणताही दोष न आढळलेले, पण दिवसभर एकाच खोलीत बसून असलेले गृहस्थ त्या कसोटीला उतरणार नाहीत. स्वतःला मोलाचे वाटते ते करता येण्याची क्षमता, ही ती कसोटी होय. तिची पाच अंगे सांगितली जातात : मूलभूत गरजा भागवता येणे, शिकणे व निर्णय घेणे, हिंडणे-फिरणे, नाती जोडणे व टिकवणे, आणि समाजाला काही देता येणे. यांपैकी पहिले अंग सोडले, तर उरलेल्या चारही अंगांना वाचनालयाचा स्पर्श होतो. घरातून निघून तेथवर जाणे हाही त्यातलाच भाग आहे.

वाचक का थांबतो?

वय झाले, आता वाचनाची आवड राहिली नाही, असे आपण सहज बोलून जातो. आवड मात्र क्वचितच जाते. जाते ती सोय.

चाळिशीनंतर डोळ्यांना जवळचे दिसणे अवघड होते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याहून कमी माहीत असलेली गोष्ट अशी की, साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीतील माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश असतो. म्हणजे ज्या दिव्याखाली तरुण ग्रंथपालास सर्व स्वच्छ दिसते, त्याच दिव्याखाली समोरच्या आजोबांच्या दृष्टीने संध्याकाळ झालेली असते. त्यात देवनागरीची अडचण वेगळी. बारीक टाइपात अनुस्वार, रफार आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा प्रथम पुसट होतात आणि वाचणारा अंदाजाने शब्द लावू लागतो. अंदाजाने वाचणे थकवणारे असते. काही दिवसांनी तो पुस्तक न वाचताच परत करतो आणि लेखक पूर्वीसारखे लिहीत नाहीत, असे कारण देतो.

श्रवणाचेही असेच आहे. वयोमानाने प्रथम उच्च कंप्रतेचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. स, श, थ, फ यांसारखी व्यंजने निसटतात आणि स्वर तेवढे उरतात. त्यामुळे व्याख्यानाचा आवाज पोहोचतो, शब्द पोहोचत नाहीत. सभागृहाच्या मागच्या रांगेतून मध्येच उठून जाणाऱ्या श्रोत्याला विषयाचा कंटाळा आला असेलच असे नाही.

आणि जिना. आपल्या कितीतरी वाचनालयांत देवघेव विभाग पहिल्या मजल्यावर आहे. उजव्या हातात पिशवी, डाव्या हाताने कठडा, आणि कठडा नसेल तर भिंत. एके दिवशी पाय सटकता सटकता राहतो. त्यानंतर नातवाकडून पुस्तके परत पाठवली जातात, अनामत रक्कम मागितली जाते आणि नोंदवहीत त्या नावापुढे एक रेघ पडते. नोंदवहीपुरता विषय तेथे संपतो.

म्हणून ज्येष्ठांसाठीचा पहिला उपक्रम समारंभाचा नसतो. टेबलावर वेगळा दिवा, एक मोठे भिंग, हात असलेल्या दोन-तीन खुर्च्या, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, आणि तळमजल्यावर आठवड्यातून दोन दिवस देवघेव. व्याख्यानमालेच्या एका पुष्पाला येणारा खर्च यास पुरतो. तरीही ज्येष्ठांसाठी काय केले, असे विचारले की शाल-श्रीफळ देऊन केलेल्या सत्काराचा फोटो दाखवला जातो, हे खेदाने नमूद करावे लागते.

वाचनाने आयुष्य वाढते काय?

या प्रश्नाचे उत्तर देताना संयम हवा. अमेरिकेत ३,६३५ व्यक्तींच्या माहितीवर आधारित एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. पुस्तके वाचणाऱ्यांमध्ये बारा वर्षांच्या काळात मृत्यूचा धोका न वाचणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. त्याआधी २००३ मध्ये न्यूयॉर्कमधील ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींच्या पाहणीत वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांचा स्मृतिभ्रंशाचा धोका कमी असण्याशी संबंध दिसून आला होता. संबंध दिसणे आणि कारण सिद्ध होणे यांतील अंतर मात्र विसरू नका. ज्याची दृष्टी, बुद्धी आणि प्रकृती मुळात बरी आहे तोच अधिक वाचत असेल, ही शक्यता अशा पाहणीत पूर्णपणे दूर करता येत नाही. ग्रंथ म्हणजे औषधाची गोळी असा प्रचार ग्रंथालयाने करू नये. एकाकीपणा तसेच दृष्टी व श्रवण यांची उपेक्षा झालेली हानी हे स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे धोके आहेत, असे आता वैद्यकशास्त्र मानते. आणि या तिन्ही ठिकाणी ग्रंथालयाला काही करता येते.

उपक्रमांचे स्वरूप

अमेरिकेतील क्लीव्हलंड शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने १९४६ मध्येच ज्येष्ठांसाठी वाचक मंडळ सुरू केले होते. दीर्घायुषी व्हा आणि त्यात गोडी घ्या, अशा आशयाचे त्याचे नाव होते. नावातील दुसरा भाग अधिक महत्त्वाचा. ब्रिटनमध्ये लिव्हरपूलच्या परिसरात जेन डेव्हिस यांनी रुजवलेला सहवाचनाचा प्रयोगही अभ्यासण्याजोगा आहे. आठ-दहा जण एकत्र बसतात, एक जण कथा किंवा कविता सावकाश मोठ्याने वाचतो, मध्ये थांबतो, ज्याला बोलावेसे वाटेल तो बोलतो. आधी वाचून येण्याची अट नसते आणि बोलण्याची सक्तीही नसते.

मराठी वाचकाला हे वाचून नवल वाटणार नाही. चातुर्मासात पोथी लावणे म्हणजे दुसरे काय? एक वाचणार, बाकीचे ऐकणार, आणि अध्याय संपल्यावर गप्पा पोथीवरून घरच्या सुनांपर्यंत पोहोचणार. ही आठवण केवळ कौतुकाची नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील साठीपुढील स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहूनही कमी स्त्रिया साक्षर होत्या. देवघेवीपुरत्या मर्यादित ग्रंथालयाचे दार त्यांच्यासाठी कधी उघडलेच नव्हते. श्रवणाची परंपरा मात्र त्यांची स्वतःची आहे. वाचनालयात दर बुधवारी दुपारी तासभर मोठ्याने वाचन ठेवले, तर अक्षरओळख नसलेली स्त्रीही तेथे पाहुणी म्हणून येणार नाही, जाणकार श्रोती म्हणून येईल.

तुम्ही मराठीचे विद्यार्थी आहात, म्हणून स्मृतिलेखनाकडे विशेष लक्ष द्या. लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांनी साठी ओलांडलेली होती आणि शालेय शिक्षण त्यांना जवळजवळ लाभलेले नव्हते. प्रत्येक आजी लक्ष्मीबाई होणार नाही, हे उघड आहे. परंतु ओव्या, बियाण्यांची नावे, गिरणीतील पाळ्या, दुष्काळातील खडीकाम यांच्या आठवणी त्या त्या बोलीत नोंदवून घेणारे ग्रंथालय ज्येष्ठाला काही देत नसते, त्याच्याकडून घेत असते. पाच अंगांपैकी शेवटचे, म्हणजे समाजाला देता येण्याचे, अंग येथे प्रत्यक्षात उतरते. उपक्रमात ज्येष्ठ माणूस लाभार्थी आहे की सहकारी, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारून पाहा. पुष्कळशा कार्यक्रमांची परीक्षा त्या एका प्रश्नात होते.

जे घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांच्यासाठी घरपोच पुस्तके हवीत. ज्यांना छापील मजकूर वाचता येत नाही त्यांच्यासाठी २०१६ मध्ये सुरू झालेले ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन दालन आहे. त्यातील पुस्तके ऐकता येतात. त्याची नोंदणी करून देणे हे ग्रंथपालाचे काम समजावे. स्मृतिभ्रंश झालेल्या वाचकांसाठीही ग्रंथालय संघांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २००७ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. जुनी छायाचित्रे, परिचित गाणी आणि लहान उतारे यांवर त्यांचा भर आहे.

मोबाइल शिकवण्याचे वर्ग आता अनेक ठिकाणी होतात. त्यांत केवळ शुभेच्छा पाठवायला शिकवू नये. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही तरतूद आपल्या कायद्यात नाही, फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे आणि ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, या तीन गोष्टी आधी सांगाव्यात. आयुष्यभराची पुंजी एका दूरध्वनीत गमावलेल्या माणसाला निरामय वार्धक्यावरील व्याख्यान काय उपयोगाचे?

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. त्यानुसार शासनमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा दर्जानुसार अनुदान मिळते. ही ग्रंथालये बहुतांशी स्वयंसेवी संस्था चालवतात. त्यांच्या कार्यकारिणीत निवृत्त शिक्षक, निवृत्त कर्मचारी यांचाच भरणा असतो, आणि ही आपल्याकडील व्यवस्थेची न जोखलेली शक्ती आहे. अडचण अनुदानाच्या तुटपुंजेपणाची आहेच, पण मोजमापाचीही आहे. ग्रंथसंख्या, नियतकालिके, सभासद यांची गणना होते. घरी पोहोचवलेल्या पुस्तकासाठी तक्त्यात रकाना नसतो.

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमुळे बऱ्याच वाचनालयांत जागेची ओढाताण सुरू झाली आहे. मुलांना शांतता हवी असते आणि ज्येष्ठांना बोलायचे असते. यावर भिंत बांधणे हा एक मार्ग झाला. काही तास वाटून घेणे आणि अभ्यासिकेतील दोन मुलांनी आठवड्यातून एकदा पुस्तकांची पिशवी घेऊन चार घरी जाणे, हा दुसरा. मुलाखतीची तयारी करणाऱ्या मुलास निवृत्त मुख्याध्यापकांशी अर्धा तास बोलण्याने तोटा होणार नाही.

कृती

तुमच्या जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयास भेट द्या. ग्रंथपालांच्या अनुमतीने गेल्या तीन वर्षांत सभासदत्व बंद केलेल्या, साठीपुढील वाचकांची संख्या पाहा. त्यांपैकी जे भेटण्यास तयार असतील अशा दोघांना त्यांच्या घरी भेटा. ग्रंथालय का सोडले, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. बोली बदलू नका. त्यांनी वाचायला घेतलेले शेवटचे पुस्तक कोणते होते, ते पूर्ण झाले होते का, हेही विचारा. अपूर्ण राहिले असेल, तर पुढच्या भेटीला ते पुस्तक सोबत घेऊन जा.